नाइटांच्या कथांमधले तारे: अर्थ लावण्याआधी करायची कामं

एम. ए. इंग्रजीच्या मुलांचे निबंध तपासताना एक वाक्य इतक्यांदा समोर येतं, की ते दिसलं की मी पेन ठेवून चहा टाकायला उठतो. "इथे तारा हे आशेचं आणि नियतीचं प्रतीक आहे." पण कुठला तारा? आकाशातला, ढालीवरचा, की भिंतीवर रंगवलेला? तो खरंच तारा आहे की ग्रह? आणि त्याच्याबद्दल बोलतंय कोण? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर निबंधात नसतं, तरी मार्कांची अपेक्षा असते.

चूक हुशारीची नसते, क्रमाची असते. अर्थ सगळ्यात शेवटी लावायचा असतो आणि आपण तो पहिल्या ओळीत लावून मोकळे होतो. खाली दिलेला क्रम मी स्वतः बऱ्याच फजित्यांनंतर ठरवलाय. उदाहरणं सहा-सात ग्रंथांतलीच घेतली आहेत: चॉसरची 'नाइट्स टेल' आणि 'ट्रॉयलस अँड क्रिसेड', अनामिक कवीची 'सर गवेन अँड द ग्रीन नाइट', वोल्फ्राम फोन एशेनबाखचं जर्मन 'पार्त्सिवाल', क्रेतिएं द त्रोआची फ्रेंच काव्यं, आणि या सगळ्या प्रकाराची टर उडवणारा सर्वांतिसचा 'दोन किहोते'.

शब्दाबद्दल एक खुलासा. मी 'नाइट' हाच शब्द ठेवतोय. स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन चाकरीला येणारा, या अर्थी आपला शिलेदार त्याच्या बराच जवळचा आहे. पण शिलेदार म्हटलं की वाचकाच्या डोक्यात सह्याद्री उभा राहतो आणि मग गवेनचा बर्फ काही केल्या पडत नाही.

## तयारी: बसण्याआधी काय काय लागेल

ओळींचे क्रमांक असलेली मूळ संहिता हवी. निव्वळ आधुनिक इंग्रजी अनुवादावर हे काम होत नाही, कारण अनुवादक लयीसाठी, यमकासाठी किंवा सवयीनं 'स्टार' हा शब्द वाट्टेल तिथे घालतात आणि काढतात. मूळ भाषा वाचता आली नाही तरी चालेल, अनुवाद आणि मूळ शेजारी ठेवून तेवढी एक ओळ जुळवता आली की पुरे. 'पार्त्सिवाल' तीस-तीस ओळींच्या खंडांत क्रमांकित असतं, एकूण ८२७ खंड. तो क्रमांक प्रत्येक चांगल्या अनुवादात समासात असतो, त्यामुळे जुळवणी सोपी जाते.

एक वही घ्या आणि पाच रकाने आखा: ओळ, मूळ शब्द, प्रकार, कोण बोलतंय, पुढे कथेत काय झालं. 'अर्थ' असा रकाना मुद्दाम ठेवायचा नाही. तो ठेवला की हात आधी तिथेच जातो.

एका चिठ्ठीवर जुन्या आकाशाची उतरंड लिहून वहीला टाचून ठेवा: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. मधोमध पृथ्वी, सगळ्यात जवळ चंद्र, सगळ्यात लांब आणि सगळ्यात संथ शनी. त्यापलीकडे आठवा गोल, स्थिर ताऱ्यांचा. कोपर्निकस या कवींना माहीत असणं शक्यच नाही. आपल्याला तो विसरावा लागतो.

तपासणी: चिठ्ठी न बघता ही उतरंड म्हणता येते का? येत नसेल तर चौथ्या टप्प्यात अडकाल.

## टप्पा १: फक्त उतरवा

पहिल्या वाचनात जिथे जिथे आकाश येईल ती ओळ वहीत उतरवा. तारा, ग्रह, चंद्र, सूर्य, रास, गोल, सगळं. 'बहुतेक हे महत्त्वाचं नाही' असं म्हणून काहीही वगळू नका. 'नाइट्स टेल'मध्ये मंगळाच्या देवळाच्या वर्णनातल्या दोन ओळी सगळेच वगळतात आणि त्याच ओळी पुढे सगळ्यात जास्त कामाच्या निघतात.

मूळ शब्द जसाच्या तसा लिहा. चॉसरच्या इंग्रजीत 'स्टेर' म्हणजे तारा आणि ग्रह दोन्ही असू शकतं. ग्रहांना तो 'भटके तारे' म्हणतो. तुम्ही सरसकट 'तारा' लिहिलंत तर हा भेद पहिल्याच पायरीवर मेला.

## टप्पा २: प्रकार ठरवा

हा तारा नेमका आहे कुठे? आकाशात दिसणारा, देवता म्हणून बोलणारा, रंगवलेला किंवा कोरलेला, ढालीवरचा, की नुसता उपमेतला? ही विभागणी बालवाडीतली वाटते, पण निम्मे निबंध इथेच घसरतात.

सगळ्यात प्रसिद्ध घसरण गवेनच्या ढालीवरची. लाल ढाल, तिच्यावर सोन्याची पंचकोनी आकृती, आणि कवी कथा थांबवून सुमारे पन्नास ओळी तिच्याबद्दल बोलत बसतो. मुलं लिहितात, "गवेनच्या ढालीवरचा पाच टोकांचा तारा." कवी काय म्हणतो? 'पेंटँगल'. आणि पुढे सांगतो की इंग्लंडभर लोक तिला 'अंत नसलेली गाठ' म्हणतात. सॉलोमन राजानं ठरवलेली खूण, जिच्यातली प्रत्येक रेघ दुसरीत अडकते आणि कुठेच सुटत नाही. त्या न सुटणाऱ्या रेघांवर तो पाच पंचकं बसवतो: पाच ज्ञानेंद्रियं, पाच बोटं, ख्रिस्ताच्या पाच जखमा, मेरीचे पाच आनंद आणि शेवटी पाच गुण: औदार्य, सहवासातला स्नेह, शुचिता, शिष्टाचार, करुणा. सगळा भर उजेडावर नाही, गुंतण्यावर आहे. एक गुण सुटला की पाचही सुटतील.

आता काव्याच्या शेवटाकडे जा. जीव वाचावा म्हणून लपवून ठेवलेला हिरवा पट्टा गवेन अंगावर तिरपा बांधून दरबारात परततो, आणि कवी आवर्जून सांगतो की तो डाव्या काखेखाली गाठ मारून बांधलाय. निघताना ढालीवर एक गाठ, परतताना काखेत दुसरी. ज्यानं पहिल्या आकृतीला 'तारा' म्हटलं त्याला दुसरी गाठ दिसतच नाही. एका शब्दाच्या आळसानं आख्ख्या काव्याची वीण हातातून जाते.

इशारा: पंचकोनी आकृतीला आजच्या चित्रपटांमुळे चिकटलेले जादूटोण्याचे अर्थ इथे आणू नका. कवी तिचा अर्थ स्वतः, मोजून, पाच भागांत देतो. त्याच ढालीच्या आतल्या बाजूला मेरीचं चित्र आहे.

दुसरी घसरण कुलचिन्हांची. इंग्रजी ढालींवर सरळ कडांची पाच टोकं असलेली जी आकृती दिसते तिचं नाव 'मलेट', आणि ते नाव फ्रेंच 'मोलेत'वरून आलेलं, म्हणजे घोडा दामटायला बुटाच्या टाचेला लावतात ते काटेरी चाक. खऱ्या ताऱ्याला तिथे वेगळं नाव आहे, 'एस्तवाल', आणि त्याचे किरण नागमोडी, बहुधा सहा. तेव्हा एखाद्या नाइटच्या ढालीवर 'तारा' दिसला की आधी कडा बघा. तुम्ही ज्याला नियती समजताय ती टाचेची चकरी असू शकते.

उलट बाजूही आहे. कधी ढालीवरचा तारा शंभर टक्के आकाशातलाच असतो. फ्रान्सच्या दुसऱ्या जॉन राजानं १३५१ मध्ये नाइटांचा एक संघ काढला, त्याचं नावच 'तारा'. पहिला सोहळा जानेवारी १३५२ मध्ये, एपिफनीच्या सणाला, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना ताऱ्यानं वाट दाखवली त्या दिवशी. त्याच वर्षी मोराँच्या लढाईत त्याचे बरेच सदस्य मारले गेले आणि संघ कधी नीट उभा राहिला नाही.

तिसरी जागा म्हणजे मघाशी म्हटलेल्या मंगळाच्या देवळातल्या त्या दोन ओळी. मंगळाच्या डोक्यावर 'ताऱ्यांच्या दोन आकृती' चमकतायत, एकीचं नाव पुएला, दुसरीचं रुबेउस. मुलं नक्षत्रांच्या यादीत ही नावं शोधत बसतात आणि मग "चॉसरची काल्पनिक नक्षत्रं" असं ठोकून देतात. या आकृत्या आकाशातल्या नाहीतच. चार ओळी, प्रत्येक ओळीत एक किंवा दोन ठिपके, अशा सोळा आकृत्या काढून भविष्य सांगायची जी विद्या, तिच्यातल्या त्या दोन. मराठी वाचकाला खरं तर हे लगेच कळायला हवं, कारण ती विद्या म्हणजे आपलं रमल. अरबांकडून एक फाटा युरोपात गेला, एक आपल्याकडे आला. रुबेउस, म्हणजे 'लाल', मंगळाच्या खात्यातली. पुएला, म्हणजे 'मुलगी', सहसा शुक्राच्या खात्यात धरतात. मग ती मंगळाच्या डोक्यावर काय करतेय यावर संपादकांच्या तळटीपा लांबत जातात. तुम्ही बाजू घेतली नाहीत तरी चालेल, पण आकृती रमलाची आहे एवढं वहीत लिहा.

तपासणी: तिसऱ्या रकान्यात आता प्रत्येक ओळीपुढे एक शब्द असायला हवा. कुठे 'प्रतीक' असा शब्द लिहिला असेल तर खोडा. प्रतीक हा प्रकार नव्हे.

## टप्पा ३: ग्रहांची नावं मराठीत आणायची घाई नको

हा टप्पा खास आपल्यासाठी. व्हीनस म्हणजे शुक्र, मून म्हणजे चंद्र, हे शाळेत पाठ केलेलं असतं. खगोलासाठी ते बरोबर आहे, कथेसाठी नाही. आपला शुक्र म्हणजे शुक्राचार्य: पुरुष, दैत्यांचा गुरू, संजीवनी विद्येचा मालक. चॉसरच्या देवळातली व्हीनस समुद्रात तरंगणारी नग्न देवी आहे, हातात तंतुवाद्य, डोक्याभोवती पारवे, पुढ्यात आंधळा मदन. आपला चंद्र पुरुष, सत्तावीस बायकांचा नवरा. तिथे चंद्र म्हणजे डायना, लग्नच नको म्हणणारी शिकारीण, आणि म्हणून 'नाइट्स टेल'मधली एमिली तिच्यापुढे हात जोडते. आपला गुरू देवांचा पुरोहित, त्यांचा ज्युपिटर देवांचा राजा. 'चंद्रदेवानं एमिलीची प्रार्थना ऐकली' असं एका निबंधात वाचून मी थक्क झालो होतो. सगळा प्रसंगच उलटा झाला.

मंगळ आणि शनी मात्र बऱ्यापैकी जुळतात. शनीचं भाषण तर साडेसाती ऐकत वाढलेल्या माणसाला परकं वाटतच नाही: समुद्रात बुडणं माझं, अंधारकोठडी माझी, गळफास माझा, कुळांची बंडाळी माझी, गुपचूप दिलेलं विष माझं, माझी दृष्टी पडली की साथ येते. फक्त एक फरक. तिथला शनी व्हीनसचा आजोबा आहे, आणि हे सगळं तो नातीची समजूत काढताना सांगतोय.

ध्रुवाचंही तेच. आपल्याकडे लग्नात नवरीला ध्रुव दाखवतात, तो अढळपणासाठी. इंग्रजीतला 'लोडस्टार' हा वाट दाखवणारा तारा, खलाशाचा. प्रेयसी क्रिसेड गेल्यावर ट्रॉयलस जेव्हा ताऱ्याचा उजेड गेला म्हणून रडतो, तेव्हा त्याचं जहाज भरकटलंय. 'ती अढळ नव्हती' असा टोमणा त्या ओळीत शोधू नका.

इशारा: कवी स्वतःही गल्लत करतो. डायनाच्या देवळात चॉसर सांगतो की कॅलिस्टोची अस्वल झाली आणि मग ध्रुवतारा. कॅलिस्टो मोठी अस्वल, म्हणजे सप्तर्षींचा भाग. ध्रुव आहे धाकट्या अस्वलात. ही चूक नोंदवा, दुरुस्त करू नका.

## टप्पा ४: वेळ मोजा

इथे निवांत बसा. या कथांमधले निम्मे ग्रह घड्याळ म्हणून येतात आणि घड्याळ न वाचता अर्थ लावणं म्हणजे गाडीची वेळ न बघता फलाटावर जाऊन बसणं.

'नाइट्स टेल'चा तिसरा भाग घ्या. पॅलामन आणि आर्साइट दोघंही एमिलीवर मरतायत, मंगळवारी सामना आहे, आणि रविवारच्या रात्रीपासून तिघं जण तीन देवळांत जातात. चॉसर तिघांच्याही वेळा देतो:

पॅलामन रविवारच्या रात्री, उजाडायला दोन तास असताना, चंडोल गायला लागल्यावर, 'तिच्या होऱ्यात', म्हणजे तिच्या ग्रहाच्या तासात, व्हीनसकडे निघतो.
एमिली 'त्यानंतरच्या तिसऱ्या असमान तासाला', सूर्योदयाला, डायनाकडे.
आर्साइट 'यानंतरच्या मंगळाच्या पुढच्या तासाला' मंगळाकडे.

इंग्रजीत शिकणाऱ्या मुलांना हे गणित तळटीपेतून पाठ करावं लागतं. आपल्या घरी पंचांग असेल तर त्यातलं होऱ्यांचं कोष्टक उघडा, काम झालं. पद्धत तीच आहे:

१. वाराची पहिली होरा सूर्योदयाला सुरू होते आणि ती त्या वाराच्या ग्रहाची. रविवारी रवीची.

२. पुढच्या होरा आपल्या चिठ्ठीवरच्या उतरंडीनं, वरून खाली. रवीनंतर शुक्र, बुध, चंद्र, मग पुन्हा वरून शनी, गुरू, मंगळ, परत रवी. आपल्याकडची जुनी युक्ती हीच: चालू होरा ज्या वाराची, त्या वारापासून सहावा वार मोजा. रवीपासून सहावा शुक्र, शुक्रापासून सहावा बुध.

३. दिवसाचे बारा भाग, रात्रीचे बारा. दिवस मोठा असेल तर दिवसाचा तास मोठा, रात्रीचा छोटा. चॉसर 'असमान' म्हणतो ते यासाठी. कथेतला महिना मे आहे आणि लंडनच्या अक्षांशावर मेच्या सुरुवातीला रात्र साधारण नऊ तासांची असते, म्हणजे रात्रीची एक होरा पाऊण तासाची.

आता मोजा. रविवारी शुक्राची होरा येते दुसरी, नववी, सोळावी आणि तेविसावी. चोविसावी संपली की सूर्योदय. उजाडायला दोन तास, म्हणजे तेविसावी सुरू होताना. पॅलामन नेमका शुक्राच्या होऱ्यात निघालाय. चोविसावी बुधाची. मग सोमवारची पहिली, सूर्योदयाची, चंद्राची: एमिली आणि डायना. त्यापुढे दुसरी शनीची, तिसरी गुरूची, चौथी मंगळाची: आर्साइट. एकही होरा चुकलेली नाही.

इशारा: 'तिसऱ्या तासाला' हे मोजताना पॅलामनचा तास पहिला धरायचा: तेवीस, चोवीस, एक. तेवीसमध्ये तीन मिळवलेत तर एमिली शनीच्या होऱ्यात जाऊन पोचते आणि मग तुम्ही त्यावर एक चुकीचा पण भारी दिसणारा परिच्छेद लिहिता. मी लिहिलाय. वर्गासमोर वाचूनही दाखवलाय, आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीनं बोटं मोजून तो पाडलाय.

आणखी दोन गोष्टी या मोजणीतून आपोआप पडतात. सोमवारभर नाचगाणी चालतात आणि सामना होतो मंगळवारी. मंगळाकडे आर्साइटनं फक्त विजय मागितला होता. मंगळाच्या वारी त्याला तो मिळतो. पॅलामननं विजय नको म्हणून एमिली मागितली होती. मग शनीच्या सांगण्यावरून जमिनीतून एक प्रेतदेवता उसळते, जिंकलेल्या आर्साइटचा घोडा बिचकतो आणि तो डोक्यावर आपटून मरणाला टेकतो. एमिली पॅलामनची होते. दोन्ही मागण्या शब्दशः पुऱ्या झाल्या. शनीचा ना वार आला, ना त्याच्या होऱ्यात कुणी देवळात गेलं, आणि निकाल मात्र त्यानंच लावला.

तपासणी: तुमच्या मोजणीत एखादं पात्र चुकीच्या होऱ्यात पडत असेल तर आधी स्वतःवर संशय घ्या, कवीवर नंतर. चॉसरनं १३९१ च्या सुमारास लुईस नावाच्या आपल्या लहानग्यासाठी ॲस्ट्रोलेब, म्हणजे ग्रहताऱ्यांची उंची आणि वेळ मोजायचं यंत्र, कसं वापरावं याचं पुस्तक लिहिलंय. हे त्याचं रोजचं गणित होतं.

## टप्पा ५: रास आली की सावध व्हा

'ट्रॉयलस अँड क्रिसेड'च्या तिसऱ्या भागात वाकडा चंद्र, शनी आणि गुरू कर्केत एकत्र येतात आणि असा धो धो पाऊस कोसळतो की क्रिसेडला तिच्या नातलगाच्या, पँडारसच्या, घरीच रात्र काढावी लागते. शनी आणि गुरू कर्केत असा योग १३८५ साली खरोखर आला होता, आणि हे काव्य त्या सुमाराचं आहे असं म्हणायला अभ्यासकांना तो एक आधार सापडला.

मग उत्साही विद्यार्थी मोबाइलवर आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर उघडतो, १३८५ चा मे महिना लावतो, आणि ग्रह दिसतात मिथुनेच्या ताऱ्यांत. "चॉसर चुकला!" नाही. चॉसरची रास सायन आहे, वसंतसंपातापासून मोजलेली. आकाशातल्या ताऱ्यांचे पुंजके केव्हाच पुढे सरकलेले. आपलं पंचांग निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांपासून मोजलेलं. आज दोन्हींत सुमारे २४ अंशांचा फरक आहे, चॉसरच्या काळात तो १५ च्या आसपास होता. म्हणून पंचांगाच्या पद्धतीनं मोजलं तरीही ग्रह मिथुनेतच येतील. होरा पंचांगातून घ्या, रास घेऊ नका.

तारखांचंही तसंच. ज्युलियन कॅलेंडर तेव्हा इतकं घसरलेलं होतं की सूर्य मेषेत जायचा १२ मार्चला. एप्रिलच्या वर्णनात मेषेचा सूर्य कुठवर आलाय हे आजच्या कॅलेंडरवर ताडून बघू नका.

## टप्पा ६: हे बोलतंय कोण?

'पार्त्सिवाल'च्या नवव्या भागात सांगितलंय की ग्रेल या पवित्र वस्तूचं नाव ताऱ्यांत लिहिलेलं होतं. छान वाक्य आहे, निबंधात सगळे उद्धृत करतात, "वोल्फ्राम म्हणतो" असं लिहून. वोल्फ्राम म्हणत नाही. ताऱ्यांत ते वाचलं फ्लेगेटानिसनं, जो ख्रिस्ती नव्हता. त्यानं ते लिहून ठेवलं. टोलेडोमध्ये अडगळीत पडलेली ती अरबी पोथी सापडली किओतला. किओतकडून वोल्फ्रामला कळलं, आणि किओत नावाचा कुणी माणूस होता यावर बहुतेक अभ्यासकांचा विश्वास नाही. तीन हातांतून आलेली बातमी आहे ही. चौथ्या रकान्यात तिन्ही नावं उतरत्या क्रमानं लिहा. ताऱ्यांकडे बोट दाखवताना वोल्फ्राम स्वतः इतका लांब का उभा राहतो, हा खरा प्रश्न. 'तारे म्हणजे दैवी ज्ञान' या उत्तरात तो बुडून जातो.

याच ग्रंथात दोन जागा एकमेकींशेजारी ठेवा. शनी आपल्या जागी आला की ग्रेलचा राजा आनफोर्तास याची जखम इतकी गारठते की तोच विषारी भाला पुन्हा तिच्यात घालून थंडी ओढून काढावी लागते. हा ग्रह अंगात शिरतो. आणि खंड ७८२ मध्ये ग्रेलची दूती कुंद्री पार्त्सिवालला राजा झाल्याचं सांगताना सात ग्रहांची नावं घेते, ती अरबीत. जर्मन लेखणीतून ती वाकडीतिकडी झाली आहेत, पण उर्दू गझल ऐकणाऱ्याला 'साम्सी'त शम्स, 'आल्कामेर'मध्ये कमर आणि 'आल्मुस्त्री'त मुश्तरी ओळखू येतो. हे सात ग्रह आकाशाचा लगाम आहेत, असं ती म्हणते. त्याचा वेग तेच आवरतात. नाइटांच्या ग्रंथात ताऱ्याला घोड्याच्या सामानातला शब्द मिळावा यापरतं काय हवं! हाच ग्रह जखम गारठवणारा आणि हाच लगाम, पण पहिलं सांगतो अरण्यातला तपस्वी, दुसरं कुंद्री. एकाच रकान्यात घालू नका.

बोलणाऱ्याची तपासणी कशी करावी हे शिकवायला सर्वांतिससारखा मास्तर नाही. 'दोन किहोते'च्या पहिल्या भागाच्या विसाव्या प्रकरणात रात्रीच्या भयाण आवाजानं घाबरलेला नोकर सांचो धन्याला, किहोतेला, थोपवू बघतो: थांबा, पहाटेला तीनच तास राहिलेत, ताऱ्यांच्या शिंगाचं तोंड डोक्यावर आलंय. धनगर धाकट्या अस्वलाला शिंग म्हणत आणि त्यावरून वेळ सांगत, जसे आपले जुने शेतकरी सप्तर्षींच्या बाजेवरून सांगत. किहोते विचारतो, अरे, इतका काळोख आहे की एक तारा दिसत नाही, तुला शिंगाचं तोंड दिसलं कुठे? सांचो म्हणतो, भीतीला डोळे फार असतात.

आणि दुसऱ्या भागात, डोळे बांधून लाकडी घोड्यावर बसवलेला हाच सांचो सांगतो की मी वाटेत उतरून सात शेळ्यांशी पाऊण तास खेळलो. दोन हिरव्या, दोन लाल, दोन निळ्या, एक मिसळ रंगाची. सात शेळ्या म्हणजे आपल्या कृत्तिका. घोडा बागेतून हललाही नव्हता. प्रकरण संपताना किहोते त्याच्या कानात सांगतो: तू आकाशात पाहिलंस ते मी खरं मानावं असं वाटत असेल, तर मी माँतेसिनोसच्या गुहेत पाहिलं ते तू खरं मान. बस्स.

तपासणी: प्रत्येक ओळीपुढे विचारा, हा तारा या माणसाला या जागेवरून दिसू शकतो का? नसेल तर ती ओळ ताऱ्याबद्दल नाही, त्या माणसाबद्दल आहे.

## टप्पा ७: आता अर्थ, एका वाक्यात

पाचही रकाने भरले की प्रत्येक ओळीखाली एकच वाक्य लिहा, आणि त्यात 'प्रतीक', 'दर्शवतो', 'सूचित करतो' हे शब्द वापरायचे नाहीत. क्रियापद कथेतलं हवं. "शनी दोघांच्याही मागण्या पाळून एकाला मारतो." "गवेन एक गाठ घेऊन जातो आणि दुसरी बांधून येतो." "वोल्फ्राम ताऱ्यांचं वाचन दोन माणसांवर ढकलतो." वाक्य असं जमलं नाही तर पाचवा रकाना रिकामा आहे असं समजा आणि मागे जा. बहुतेक वेळा दुसऱ्या टप्प्यापर्यंत जावं लागतं.

वहीत काही ओळी उरतील ज्यांवर एकही टप्पा लागू पडत नाही. 'इव्हें'मध्ये क्रेतिएं गवेनला सूर्य म्हणतो आणि ल्युनेतला चंद्र, कारण तिच्या नावातच 'ल्यून' म्हणजे चंद्र आहे; तो नावावरचा खेळ आहे, होरा मोजू नका. 'एरेक आणि एनीड'मध्ये राज्याभिषेकाच्या झग्यावर चार विद्या विणल्या आहेत आणि त्यातली खगोलविद्या तारे, चंद्र, सूर्य यांचा सल्ला घेतेय. तिथे मात्र थोडं थांबा, कारण ते कापड कोण पांघरतंय याला वजन आहे. पण त्याच काव्याच्या सुरुवातीला विटक्या कपड्यांतली एनीड दारात येते आणि तिचे डोळे दोन ताऱ्यांसारखे दिसतात. कुठला ग्रह, कुठली रास, काही नाही. प्रकाराच्या रकान्यात 'उपमा' लिहा आणि पुढची ओळ वाचा, एरेक तिच्याकडे बघतच राहिलाय.